चपळ परंतु सोशिक इंजिन

नेरळ स्थानकावर माथेरानची छोटी गाडी पाहून एखादा मुंबईकर हंसतो, "ही तर फारच मंद!" परंतु 1907 सालीं सुरू झालेली ही गाडी अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून, कांहीं ठिकाणीं वीस फुटांस एक फूट इतक्या चढणीनें डोंगरावर जाते. मुंबईची वेगवान लोकल त्या वाटेवर एक पाऊलहि टाकूं शकणार नाहीं. यंत्राची योग्यता केवळ वेगावरून ठरत नाहीं. ज्या वाटेवर त्यास चालावयाचें, त्या वाटेवरून ठरते. आमच्या पोशीर-नेरळकडील मुलांस हा धडा रोजच डोळ्यांसमोर दिसतो. तोच आज मोटारीच्या इंजिनास लावून पाहूं.

अमेरिकेंत 1964 सालीं पाँटिॲक कारखान्यानें मध्यम आकाराच्या गाडींत 389 घनइंचांचें, म्हणजे सुमारें 6.4 लिटरांचें, 325 अश्वशक्तीचें इंजिन बसवून 'जीटीओ' ही गाडी विकावयास काढली. अशा गाड्यांस पुढें 'मसल कार', म्हणजे पिळदार अंगाच्या गाड्या, असें नांव पडलें. आपल्याकडे त्या विरळाच. तथापि जुन्या गाडीस चपळ करण्याची हौस आपल्याकडेहि आहे, आणि ती बहुधा कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत झालेल्या फियाटवर भागविली गेली. 'पद्मिनी' या नांवानें ती 1974 पासून घरोघर माहीत झाली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्यें निवृत्त झाली. परंतु हौशी लोकांनीं जपलेल्या पद्मिनी आजहि दिसतात. तिचेंच उदाहरण घेऊं.

प्रथम थोडें गणित. पद्मिनीच्या इंजिनास चार सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास 68 मिलिमीटर, आणि पिस्टन वर-खालीं 75 मिलिमीटर सरकतो. त्रिज्या 3.4 सेंटिमीटर, तिचा वर्ग करून 3.1416 नें व मग 7.5 नें गुणावें, म्हणजे सुमारें 272.4 घनसेंटिमीटर येतात. चौपट केली कीं 1,089. कारखान्याच्या पत्रकांत छापलेला आंकडा तो हाच. शाळेंत शिकलेलें वृत्तचितीचें घनफळ असें कामास येतें.

आतां शक्ति वाढवावयाची कशी? पहिला उपाय दाब वाढविण्याचा. पिस्टन अगदीं वर आल्यावर जी पोकळी उरते, तींत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दाबलें जातें. ही पोकळी 38.9 घनसेंटिमीटर असल्यास मिश्रण आठपट दाबलें जाईल. ती 34 केली तर नऊपट. म्हणजे अंतर केवळ चहाच्या एका चमच्याएवढें! सिलिंडरवरील झांकण थोडें घांसून तें साधतां येतें. परंतु दाब फार वाढविला तर पेट्रोल अवेळीं भडकतें, आंतून टकटक असा आवाज येतो आणि पिस्टन जळतो. म्हणून जें पेट्रोल वाटेवरील पंपावर सहज मिळतें, त्यास सोसेल एवढाच दाब ठेवावा.

दुसरा उपाय अधिक हवा देण्याचा. इंजिनाचे दोन फेरे झाले कीं प्रत्येक सिलिंडर एकदां भरतो. मिनिटास 5,000 फेरे धरले तर 1,089 ला 2,500 नें गुणून सुमारें 2,720 लिटर हवा लागेल. प्रत्यक्षांत त्याहूनहि कांहींशी कमीच आंत जाते. कार्बुरेटर या मापाचाच हवा. फार मोठा बसविला तर कमी फेऱ्यांवर त्यांतून हवा संथ वाहते, पेट्रोलाचे बारीक तुषार होत नाहींत, आणि पाय दाबतांच गाडी अडखळते.

तिसरा उपाय कॅमशाफ्टचा. झडपा केव्हां व किती वेळ उघडाव्या हें तो ठरवितो. शर्यतीच्या कॅमशाफ्टनें झडपा दीर्घकाळ उघड्या राहतात. त्यामुळें फेरे पुष्कळ असतांना सिलिंडर उत्तम भरतो. परंतु फेरे थोडे असतांना आंत आलेलें मिश्रण परत निसटतें, आणि उभ्या गाडीचें इंजिन थरथरतें. बाजारपेठेंतून बैलगाडीमागें हळूहळू जाणाऱ्यास तो काय कामाचा? रस्त्याच्या गाडीस मधल्या फेऱ्यांवर जोर हवा. कारण तेथेंच ती नित्य चालते.

समजा, एकानें कर्जतला मोठा कार्बुरेटर व शर्यतीचा कॅमशाफ्ट बसविला, पण पाणी थंड करणारा रेडिएटर जुनाच ठेवला. चैत्राच्या दुपारीं मुलांबाळांसह तो खोपोलीहून बोरघाट चढूं लागला. वळणावर वेग मंदावला, त्याबरोबर इंजिनाचा जोर सरला. गिअर उतरवून फेरे वाढवावे तर पाणी उकळलें. मैदानांत सर्वांच्या पुढें धांवणारी गाडी घाटांत वाटेकडेला उभी राहिली. आणि उतरणीवर ब्रेक जुनेच असतील, तर उभें राहणेंहि हातीं नाहीं. म्हणून जितका वेग वाढवावा, तितके ब्रेक आधीं सुधारावे.

याकरितां कामाचा क्रम असा असावा. नवी शक्ति मिळविण्यापूर्वीं हरवलेली शक्ति परत आणावी: चारी सिलिंडरांचा दाब मोजावा, झडपा नीट बसतात कीं नाहीं पाहावें, ठिणगीची वेळ जुळवावी, कुजलेल्या रबरी नळ्या बदलाव्या. पुष्कळ गाड्यांस इतकेंच पुरतें. मग दाब, कार्बुरेटर, कॅमशाफ्ट, रेडिएटर हीं सर्व एकमेकांस पाहून निवडावीं. पालकांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं न जुळणारा बदल गाडींत करतां येत नाहीं. दुसरें इंजिन बसविण्यास परवानगी लागते.

विद्यार्थी मित्रहो, बैलजोडींत एक बैल धिप्पाड व दुसरा दुबळा असला तर नांगर वांकडा चालतो, हें शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. इंजिनाचेंहि तसेंच आहे. एकच भाग थोर करून यंत्र थोर होत नाहीं. सर्वांचा मेळ बसला म्हणजे लहानसें इंजिनहि चपळ होतें, आणि घरच्या माणसांस सुखरूप घरीं आणतें.