वारा चाइमला हवा, माईकला नको

विंड चाइमचा आवाज स्टुडिओतला नको, उघड्या माळावरचा हवा, असा आमच्या दिग्दर्शकाचा हट्ट होता, आणि तो रास्त होता. जपानने १९९६ साली जपण्याजोगे १०० परिसर-ध्वनी निवडले, त्यात मिझुसावा रेल्वे स्टेशनवर टांगलेल्या बिडाच्या घंटांची किणकिण आहे. अशी किणकिण कानाला येते ती जागेसकट. मी हौशी नाटकांचं ध्वनिसंयोजन करतो. फेब्रुवारीतल्या एका दुपारी रेकॉर्डर घेऊन रत्नागिरीजवळच्या सड्यावर गेलो.

खारा वारा चांगलाच सुटला होता. काजूच्या फांदीला चाइम टांगली, तिच्याखाली ट्रायपॉडवर रेकॉर्डर, माईकला फोमची टोपी. मिनिटभर हेडफोन लावून ऐकलं, छान वाटलं, काढून ठेवले. तीन तास टिपलं. घरी येऊन ऐकतो तर नुसती घरघर आणि मध्येच धप्प, धप्प.

वारा माईकच्या पडद्यावर आदळतो, त्याचा हा आवाज. फोमची टोपी असल्या वाऱ्याला पुरत नाही, केसाळ कव्हरच लागतं. लो-कट लावून घरघर कमी झाली. पण जिथे धक्क्याने आवाज फाटला होता तिथे चाइमची लहरही तुटली होती. ती कुठल्याच फिल्टरने परत येत नाही. त्यात ऑटो लेव्हल चालू राहिलेली. प्रत्येक टणत्काराला रेकॉर्डर आवाज खाली ओढायचा आणि नाद विरताना वारा फुगवून वर आणायचा. ज्या विरण्यासाठी एवढा खटाटोप, तेच गेलं. म्हणून सांगतो, गेन हातानेच ठेवा, मोठ्यात मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही इतका. आणि हेडफोन शेवटपर्यंत कानावरून काढू नका.

दुसऱ्या खेपेला वेळच बदलली. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो खाऱ्या वाऱ्यापेक्षा मंद असतो आणि रस्तेही निजलेले असतात. चाइम गडग्याच्या वर, वाऱ्यात टांगली. माईक गडग्याच्या आडोशाला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, कारण जमिनीलगत वारा कमी असतो. मात्र आडोसा म्हणजे अडसर नव्हे. माईकपासून चाइमपर्यंत नजर सरळ पोचली पाहिजे, नाहीतर दगड नेमके बारीक, चकाकते सूर अडवतात. फांदीची करकरही माईक सोडत नाही. दोरीखाली सुती फडकं गुंडाळा.

चाइमही मी नव्याने बांधली होती. आधीचीच्या नळ्या टोकाला भोक पाडून अडकवलेल्या, त्यामुळे नाद लवकर मरायचा. नळी वाजते तेव्हा तिच्या लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवरची जागा जवळपास स्थिर असते. ५० सेंटीमीटरच्या नळीला टोकापासून ११ सेंटीमीटरवर दोरा ओवला की ती मोकळेपणाने वाजते. ॲल्युमिनियमच्या त्याच नळ्या, पण नाद इतका लांबला की मला दोन ठोक्यांमधली शांतताही ऐकू येऊ लागली.

त्या पहाटे चाळीस मिनिटं मिळाली. मध्ये दोनदा टिटवी ओरडत गेली. एकदाची ठेवली, एकदाची कापली. कापल्यावर खड्डा पडू नये म्हणून निघण्याआधी चाइम हाताने धरून नुसत्या सड्याचा आवाज दोन मिनिटं टिपून ठेवला होता. नाटकात सगळ्यात जास्त वापरला गेला तो तोच.