गाडीच्या दाराचा पोचा : घरच्या घरी एक विज्ञानपाठ



उसाचा हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर भागात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. गाडी कडेला घेताना दार कशाला तरी घासतं. पण पुष्कळ पोचे आपल्या अंगणातच पडतात. सायकलचं हँडल लागतं, चेंडू बसतो. अशा वेळी मुलाला रागावण्याआधी त्याला घेऊन दारापाशी बसा. आठवी-नववीच्या विज्ञानातले तीन मुद्दे तिथेच शिकवता येतात.

1) स्थितिस्थापकता : दाराचा बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतो. बळ मर्यादेत असेल तर तो वाकून पुन्हा जागेवर येतो. मर्यादा ओलांडली की आकार कायमचा बदलतो. हाच पोचा. पसरट, उथळ पोच्यात बराचसा पत्रा फक्त अडकलेला असतो. त्यामुळे रबरी सक्शन कपने ओढल्यावर तो कधी कधी 'टक' करून बाहेर येतो. धारदार घडी पडली असेल तर तिथला पत्रा ताणला गेलेला असतो, तो असा येत नाही.

2) उष्णता : गरम पाणी ओतून पोचा निघतो, असं आपण ऐकतो. ते प्लास्टिकच्या बंपरला लागू पडतं, कारण प्लास्टिक तेवढ्या उष्णतेने मऊ होतं. पोलादी पत्रा उकळत्या पाण्याने मऊ होत नाही.

3) ठोकण्याने येणारा कडकपणा : पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर भांड्यावर मठारकाम करतात. त्या ठोक्यांनी तांबं कडक होतं. पत्र्याचंही तसंच. म्हणून घरी हातोडी मारत बसू नका. पत्रा ताणतो, कडक होतो आणि काम अवघड होतं. कुशल कारागीर आतून लांब सळईने कडेकडून मध्याकडे हळूहळू दाबतो आणि दारावरचं उजेडाचं प्रतिबिंब बघत राहतो. प्रतिबिंबाची रेघ सरळ झाली की पत्रा सपाट झाला. परावर्तनाचा धडा इथे जोडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोच्यावरून नख फिरवा. रंगाला चीर असेल तर थांबू नका. पत्रा उघडा पडला की हवा आणि ओलावा मिळून गंज सुरू होतो. तिथे आधी घासून प्रायमर आणि मग रंग लागतो.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने सायकलने पाडलेला ओरखडा घरी सांगितला नाही. त्यावर स्टिकर चिकटवलं. पावसाळ्यानंतर स्टिकरच्या कडेने तांबूस डाग दिसायला लागले. "तेव्हाच का नाही सांगितलंस?" वडिलांनी विचारलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही मारलं असतं." त्याच्या वडिलांनी मला हे सांगितलं तेव्हा ते गाडीच्या खर्चाबद्दल एक शब्दही बोलले नाहीत.

पालकहो, पोचा पडल्याचं मूल त्याच दिवशी सांगेल, एवढं वातावरण घरात ठेवा.

वर्गासाठी उपक्रम : गुळगुळीत कडांचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. अंगठ्याने आधी हलकं, मग जोरात दाबा.
- कोणता खळगा आपोआप परत आला? का?
- रंगवलेला आणि खरवडलेला खिळा ओल्या कापसात ठेवा. आठवड्याने काय दिसतं?