भारवाहू जीपगाडीचे मागील पाटे : निवड आणि निगा

आदिलाबाद जिल्ह्याचा उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर हा भाग डोंगराळ व वनाच्छादित आहे, तर पैनगंगेच्या बाजूस जैनथ, बेला या मंडलांत काळ्या जमिनीचा सपाट प्रदेश पसरलेला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली, की या दोन्ही भागांतून जीपवर्गीय व छोट्या मालवाहू गाड्या आदिलाबादच्या बाजारपेठेकडे धावू लागतात. पौषात केसलापूरला नागोबाची यात्रा भरते, तेव्हाही या रस्त्यांवर वाहनांची वर्दळ वाढते. पक्की सडक सोडून पांदणीच्या वाटेला लागताच गाडीचा मागील भाग खाली बसतो, खड्ड्यात दणका बसतो आणि एखादे वेळी पाटा तुटतो. अशा वेळी गाडीमालकापुढे दोन मार्ग असतात. एक, नवे व अधिक मजबूत पाटे बसविणे. दुसरा, आहेत त्याच पाट्यांखाली लोखंडी ठोकळा, म्हणजेच स्पेसर, घालून गाडी उंच करणे. दुसरा मार्ग स्वस्त असल्याने पुष्कळांचा कल तिकडे असतो. तथापि हे दोन्ही उपाय एकाच कामाचे नाहीत. हा फरक नीट न समजल्यास घाटातील उतारावर जिवावर बेतू शकते.

पाट्याचे कार्य

स्प्रिंगवर जितका भार अधिक, तितकी ती अधिक दबते, हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. एक सेंटिमीटर दबण्यास किती किलो भार लागतो, यावरून स्प्रिंगचा कडकपणा ठरतो. पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये हा कडकपणा पाट्यांची संख्या, रुंदी, जाडी व लांबी यांवर अवलंबून असतो. संख्या वाढविल्यास कडकपणा त्याच प्रमाणात वाढतो. जाडीचा परिणाम मात्र घनाच्या प्रमाणात होतो. जाडी केवळ एक दशांशाने वाढली, तरी कडकपणा सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. म्हणूनच नजरेला सारखे दिसणारे दोन पाटे भाराखाली अगदी निराळे वागू शकतात.

शिक्षकांना हा नियम वर्गात सहज दाखविता येईल. पोलादी मोजपट्टीचा थोडा भाग टेबलाच्या कडेबाहेर ठेवून दुसरे टोक घट्ट दाबून धरावे व बाहेरील टोकावर नाणी ठेवून पट्टी किती वाकते ते मोजावे. तशाच दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्यास वाकणे जवळजवळ निम्मे होते. एकाच पट्टीचा बाहेरील भाग दुप्पट लांब केल्यास ती सुमारे आठपट वाकते. वाकणे थोडे असेपर्यंत हे प्रमाण चांगले जुळते.

प्रथम मोजमाप, मग खरेदी

पाटे निवडण्यापूर्वी गाडीची परीक्षा करावी. गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करून मागील चाकाच्या मध्यापासून वरील पत्र्याच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंस मोजावी. तसेच एक्सल व त्यावरील रबरी ठोकर यांमधील अंतर नोंदवावे. नंतर खताच्या, वजन माहीत असलेल्या गोण्या मागील एक्सलच्या बरोबर वर ठेवून पुन्हा मोजावे. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली आहे, हे हिशेब करताना ध्यानात ठेवावे.

उदाहरणार्थ, रिकाम्या गाडीत एक्सल व रबरी ठोकर यांत ९ सेंटिमीटर अंतर आहे आणि ३०० किलो भार ठेवल्यावर गाडी ६ सेंटिमीटर दबली. याचा अर्थ दोन्ही बाजूंच्या पाट्यांचा मिळून कडकपणा सेंटिमीटरला ५० किलो आहे. आता खड्ड्यासाठी केवळ ३ सेंटिमीटर अंतर उरले. ते साडेचार सेंटिमीटर राखावयाचे असल्यास त्याच भाराखाली गाडी साडेचार सेंटिमीटरच दबली पाहिजे. त्यासाठी कडकपणा सेंटिमीटरला सुमारे ६७ किलो, म्हणजे एक तृतीयांशाने अधिक हवा. प्रत्येक बाजूस सारख्या जाडीचे ६ पाटे असतील, तर ढोबळ मानाने ते ८ करावे लागतील. नेहमीचा भार ठरवून असा हिशेब केल्यास अंदाजाने केलेला खर्च वाया जात नाही.

मोजताना एक बाजू खाली आढळल्यास, किंवा रिकाम्या गाडीचे पाटेही सपाट झालेले दिसल्यास, पाटे ‘बसले’ आहेत असे समजावे. हातोड्याने ठोकून चढविलेली कमान भाराखाली लवकरच पुन्हा उतरते. अशा वेळी दोन्ही बाजूंचे पाटे एकदमच बदलणे श्रेयस्कर होय.

स्पेसर काय करतो, काय करीत नाही

एक्सल व पाटा यांमध्ये ३ सेंटिमीटरचा ठोकळा घातल्यास गाडी ३ सेंटिमीटरने उंच होते. परंतु पाट्याचा कडकपणा तसूभरही वाढत नाही. ३०० किलोला ती पूर्वीप्रमाणेच ६ सेंटिमीटर दबते. शिवाय रबरी ठोकर ही पाट्याची राखणदार आहे. पाटा मर्यादेपलीकडे वाकण्याआधी ती एक्सलला अडविते. ठोकळ्यामुळे हे अंतर वाढले, की पाटा अधिक वाकतो व लवकर तुटतो. वेटोळ्यांच्या स्प्रिंगला स्पेसर लावल्यास ठोकर टेकण्याआधीच वेटोळी एकमेकांवर आदळण्याचा संभव असतो.

याहून गंभीर बाब ब्रेकची आहे. काही जीपवर्गीय व मालवाहू गाड्यांत भारानुसार मागील ब्रेकचा दाब कमीजास्त करणारी झडप असते. गाडीचा सांगाडा व एक्सल यांतील अंतरावरून ती भाराचा अंदाज घेते. स्पेसरने वा अधिक कडक पाट्यांनी हे अंतर वाढले, की भरलेली गाडीही या झडपेला रिकामी भासते आणि मागील ब्रेकला दाब कमी मिळतो. उटनूरहून आसिफाबादकडे जाताना लागणाऱ्या केरामेरीच्या घाटासारख्या उतारावर याचा परिणाम काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून पाट्यांत कोणताही बदल केल्यावर ही झडप जाणकार कारागिराकडून पुन्हा जुळवून घेणे अत्यावश्यक आहे. ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हेही पाहावे.

पाटे निर्दोष असून गाडीवर पाण्याची टाकी वा तत्सम कायमचा भार असल्यास, केवळ मागील भाग समपातळीत आणण्यापुरता लहान स्पेसर चालू शकेल. भार वाहण्याचा तो उपाय नव्हे.

जाताना भरलेली, येताना रिकामी

कापूस नेणारी गाडी बहुधा रिकामी परतते. अतिकडक पाट्यांवर रिकामी गाडी उसळते व खडीच्या रस्त्यावर मागील चाकांची पकड सुटते. अशा गाडीस हेल्पर पाटे अधिक उपयुक्त ठरतात. ते थोड्या भारात मोकळे राहतात व गाडी ठरावीक मर्यादेपर्यंत दबल्यावरच मूळ पाट्यांना साथ देतात. नव्या पाट्यांबरोबर शॉक अॅब्सॉर्बरही तपासावेत. नवे यू-बोल्ट काही दिवस भार वाहिल्यावर पुन्हा आवळावेत. पावसाळ्यात पाट्यांमध्ये भरलेला काळ्या मातीचा चिखल धुऊन काढावा. जड माल शक्यतो मागील एक्सलच्या पुढे ठेवावा; तो मागे लोंबता राहिल्यास पुढील चाके हलकी होऊन सुकाणूचा ताबा सुटतो.

कायद्याची मर्यादा

पाटे कितीही मजबूत केले, तरी गाडीची नोंदणीकृत भारक्षमता वाढत नाही. एक्सल, टायर, ब्रेक व सांगाडा तेच राहतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ अन्वये वजनाची मर्यादा पाळणे बंधनकारक आहे, तर नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास कलम ५२ अन्वये निर्बंध आहे. बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

सारांश, गाडी खाली बसते म्हणून ती उंच करणे, हा प्रश्नाचा उलगडा नव्हे. आधी भार मोजावा, तो मर्यादेबाहेर असल्यास कमी करावा. मर्यादेत असूनही गाडी बसत असल्यास योग्य कडकपणाचे पाटे घ्यावेत. आणि ब्रेकची परीक्षा झाल्याखेरीज गाडी घाटात नेऊ नये.