नव्या मंडळीत शिकवताना

पुण्याजवळच्या भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यात कारखाने वाढले, तशी नगर, जालना, बीड, सोलापूरकडून पोटापाण्यासाठी आलेली ख्रिस्ती कुटुंबेही वाढली. गावाकडे त्यांची आज्या-पणज्यांपासूनची मंडळी आहे, दगडी चर्च आहे, घंटा आहे, दफनभूमी आहे. इथे भाड्याचा हॉल, गुंडाळून ठेवायच्या सतरंज्या आणि एक पेटी. याच कुटुंबांच्या शेजारी राहणारे, घरात आजवर कोणी ख्रिस्ती नसलेले लोकही हळूहळू उपासनेला येऊ लागतात. कोणी आजारपणात कुणीतरी केलेल्या प्रार्थनेमुळे येतो, कोणी दारू सुटली म्हणून, कोणी नुसता गाण्यांच्या ओढीने.

अशा मंडळीत मी बायबल शिकवते. आधी शाळेत मराठी शिकवत होते. पाळकसाहेबांकडे आणखीही मंडळ्या असतात, त्यामुळे आठवडाभराचे शिकवणे आम्हा सभासदांवरच येते. या कामात एक गोष्ट मला पक्की कळली. शास्त्र आणि काम, दोन्ही लवकरात लवकर लोकांच्या हाती गेले पाहिजे. शिकणारा जेव्हा दुसऱ्या कुणाला शिकवू लागतो, तेव्हाच मंडळी वाढली असे म्हणावे. पुढे लिहिले आहे ते याच अनुभवातून आलेले.

१. वर्गाची वेळ लोकांच्या पाळीवरून ठरवा

आमच्या भागातल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. रविवारी सकाळी कितीतरी पुरुष पहिल्या पाळीला मशीनवर उभे असतात. उपासनेला दिसला नाही म्हणून माणूस विश्वासात थंड पडला, असा निष्कर्ष काढू नये. आमचा पुरुषांचा वर्ग गुरुवारी संध्याकाळी भरतो, बायकांचा दुपारी, धुणीभांडी आटोपल्यावर. पाळी बदलली की माणसे बदलतात, म्हणून एकच धडा दोनदा घ्यावा लागतो. तो दुसऱ्यांदाही पहिल्याइतक्याच मनापासून घ्यावा.

रोमी साम्राज्यात रविवारची सुट्टी सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली दिली. त्याआधीच्या पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती लोक पहाटे किंवा रात्री, कामाच्या आधी नाहीतर नंतर जमत होते. त्रोवस गावी पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि युतुख नावाचा तरुण खिडकीत झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, ही गोष्ट मी नव्या शिक्षकांना आवर्जून सांगते. पाळी करून आलेल्याला पेंग येणारच. त्याला टोकू नका, धडा आटोपता घ्या.

२. सुरुवातीला एकच शुभवर्तमान घ्या

नव्या माणसाच्या हाती जाडजूड पवित्र शास्त्र दिले की तो पहिल्या पानापासून सुरू करतो आणि लेवीयच्या पुस्तकात अडकतो. आम्ही मार्कपासून सुरू करतो. चारांतले हे सर्वांत लहान शुभवर्तमान, १६ अध्यायांचे. मोठा आकडा अध्यायाचा, बारीक आकडा वचनाचा, एवढी ओळख पहिल्या दिवशी पुरते. मग एक प्रसंग मोठ्याने वाचायचा, पुस्तक मिटायचे आणि तो आपल्या शब्दांत सांगायचा. पुढच्या वर्गाआधी तोच प्रसंग घरी किंवा कामावर एका तरी माणसाला सांगून यायचे.

एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशी आमच्या वर्गाला येतात. रक्तस्रावाने बारा वर्षे गांजलेल्या बाईचा प्रसंग त्यांच्या वाट्याला आला. ओळीवर बोट ठेवून त्यांनी तो सावकाश वाचला, पुस्तक मिटले आणि म्हणाल्या, “सगळा पैसा डॉक्टरांना गेला तिचा. गर्दीत कुणाला कळू नये म्हणून मागून शिवली. पण त्यानं तिला तशी जाऊ दिली नाही. सगळ्यांपुढं बोलतं केलं, आणि लेकी म्हणाला.” यानंतर वर्गातल्या बायका आपापल्या दुखण्यांबद्दल बोलू लागल्या. कितीतरी वर्षे घरातही बोलल्या नव्हत्या, ते बोलल्या. त्या दिवशी मी शिकवण्यासारखे काही उरलेच नव्हते. मावशींनी ते शिकवून टाकले होते.

३. वाचता येत नसेल त्याला गाणे द्या

पाठ झालेले गाणे भाजी निवडताना, बसच्या रांगेत, रात्री झोप येत नसताना सोबत असते. मराठी मंडळीकडे या बाबतीत मोठी ठेव आहे. नारायण वामन टिळकांची, कृष्णराव सांगळ्यांची गीते ‘उपासना संगीत’मधून आजही गायली जातात. टिळकांनी अभंग आणि ओवी हाताळली, त्यामुळे माळकऱ्याच्या घरातून आलेल्या माणसाला ती चाल परकी वाटत नाही. त्याच्याही आधी, गोव्यात फादर स्टीफन्स यांनी साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांसाठी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली छापलेल्या या ग्रंथात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. नव्या मंडळीला तिच्या ओळखीच्या छंदात शिकवावे, ही समज आपल्याकडे चारशे वर्षांची आहे.

आमची तरुण मुले हिंदी गाणी गिटारवर सुंदर गातात, त्यांना गाऊ द्यावे. पण प्रत्येक उपासनेत एक तरी जुने मराठी गीत, झांज आणि तबल्यावर, पूर्ण कडव्यांसह व्हावे. ज्या धड्याला जे गीत जुळते ते त्याच आठवड्यात शिकवावे, म्हणजे धडा गाण्यातून टिकतो.

४. काम लवकर द्या, व्यासपीठ सावकाश

नवा माणूस आला की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्याला काहीतरी काम द्यावे. सतरंज्या घालणे, चहा, मुलांना रस्ता ओलांडून आणणे, घरभेटीला सोबत येणे. काम मिळाले की माणूस पाहुणा राहत नाही. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटपात दुजाभाव झाला, तेव्हा सात जण नेमले गेले. त्यांतलेच स्तेफन आणि फिलिप्प पुढे मोठे साक्षीदार झाले. त्यांना नेमले होते ते वाढण्याच्या कामावर.

व्यासपीठाचे मात्र वेगळे आहे. व्यसनातून सुटलेल्या तरुणाची साक्ष ऐकायला सर्वांना आवडते आणि मग प्रत्येक सभेत त्यालाच उभे केले जाते. मूळ धरण्याआधीच त्याच्यावर टाळ्यांचे ओझे येते. नुकत्याच विश्वासात आलेल्याला अध्यक्षपद देऊ नये, तो गर्वाने फुगेल, हे पौलाने तीमथ्याला बजावले आहे. त्यामागे त्या माणसाचीच काळजी आहे. साक्ष एकदा होऊ द्यावी. मग त्याला एखाद्या जाणत्या सभासदाबरोबर दवाखान्यात, घरोघरी न्यावे.

काम देण्याचा सर्वांत मोठा दाखला मला केडगावात दिसतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत आणले. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवणाऱ्या, छपाई करणाऱ्या हातांत तिथे आसऱ्याला आलेल्या मुली आणि बायकांचे हात होते. रमाबाई १९२२ साली गेल्या, बायबल १९२४ साली बाहेर पडले. ज्यांना जगाने टाकून दिले होते, त्यांच्या हातून महाराष्ट्राला शास्त्र मिळाले.

५. माहेर-सासर तोडायला लावू नका

घरात एकटीच विश्वासात आलेली सून पहिला प्रश्न विचारते तो प्रसादाचा. दुसरा जागरण-गोंधळाचा, तिसरा सासऱ्यांच्या श्राद्धाच्या स्वयंपाकाचा. या प्रश्नांना झटपट उत्तर देणाऱ्या शिक्षकापासून मी मंडळीला जपते. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौलाने मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा प्रश्न तीन अध्याय घेऊन हाताळला आहे. त्यात विवेक आहे, दुबळ्याची काळजी आहे, बोलावणाऱ्या घराचा मानही आहे. आम्ही ते अध्याय एकत्र वाचतो आणि प्रत्येकीला तिच्या घरापुरता विचार करू देतो. सासूच्या देव्हाऱ्याबद्दल वावगा शब्द मात्र वर्गात कोणालाही बोलू देत नाही. सासूचे पाय चेपणे, नणंदेच्या बाळंतपणात राबणे, हीच त्या घरातली साक्ष.

बाप्तिस्म्याची घाई करू नये, हेही यातच आले. तिसऱ्या शतकातल्या रोमच्या मंडळीशी जोडल्या जाणाऱ्या ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथात बाप्तिस्म्याआधी तीन वर्षांच्या शिकवणुकीची अपेक्षा आहे. आजच्या काळात तेवढे नसले, तरी माणसाला काय करतो आहोत ते नीट समजलेले असावे, त्याने ते स्वतःहून मागितलेले असावे आणि घरच्यांना त्याच्याच तोंडून कळलेले असावे.

६. पैसा सर्वांसमोर मोजा

दानपेटीत दहा रुपये टाकणाऱ्या बाईने ते ओव्हरटाइमच्या पगारातून टाकलेले असतात. म्हणून पेटी उपासना संपताच, सर्वांच्या देखत, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोन सभासदांनी मोजावी. आकडा वहीत लिहावा, दोघांनी सही करावी, पुढच्या रविवारी वाचून दाखवावा. मंडळी स्थिरावली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी आणि दरवर्षी हिशेब तपासून घ्यावेत. यरुशलेमेच्या गरिबांसाठी गोळा केलेली मोठी रक्कम पौलाने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून.

७. ‘कुठले गाव?’ या प्रश्नामागचे ओळखा

नव्या शहरात गाव विचारणे आपुलकीचे असते. पण त्याच प्रश्नातून कधीकधी जुनी पोटजात चाचपली जाते, आणि जेवणाच्या पंगती, सोयरिकी, कमिटीतल्या जागा नकळत त्या रेषेवर बसू लागतात. करिंथच्या मंडळीत सधन लोक आधी जेवून घेत आणि कष्टकरी उपाशी राहत, तेव्हा पौलाने सरळ सांगितले की याला प्रभुभोजन म्हणता येत नाही. शिक्षकाने हा अध्याय दरवर्षी शिकवावा आणि पंगतीला मुद्दाम वेगळ्या घोळक्यात जाऊन बसावे.

८. मुलांना आजीच्या तोंडून ऐकू द्या

आमची बहुतेक मुले इंग्रजी शाळेत जातात. मराठी बोलतात, पण मराठी शास्त्राचे पान वाचताना अडखळतात. त्यांच्यासाठी इंग्रजी पुस्तके आणणे सोपे आहे. त्याबरोबर मंडळीतल्या आजी-आजोबांना रविवारच्या शाळेत बसवावे. दावीद आणि गल्याथ, दानीएल आणि सिंह या गोष्टी त्यांनी सांगाव्यात. मुलाला भाषा मिळते, आजीला वर्ग मिळतो.

९. पहिल्या मयतीची तयारी आधीच ठेवा

गावाकडे मरण आले तर काय करायचे ते सर्वांना ठाऊक असते. नव्या वस्तीत दफनाची जागा कुठे, परवानगी कोणाची, पेटी कोण करतो, इथपासून प्रश्न असतो. ही माहिती एका वहीत लिहून दोन-तीन घरांत ठेवावी.

आमच्याकडे मुले असलेले एक तरुण सभासद वारले. त्यांच्या घरात तेच एकटे ख्रिस्ती होते. भावांना गावाकडच्या रीतीने सारे करायचे होते, पत्नीला नवऱ्याची इच्छा पाळायची होती. पाळकसाहेब ओट्यावर भावांजवळ नुसते बसून राहिले. वाद घातला नाही. मंडळीतल्या बायकांनी आपापल्या घरून पिठले-भाकरी केली आणि आधी गावाकडच्या पाहुण्यांना वाढली. तरुण मुलांनी रात्रभर जागून धावपळ केली. सकाळी थोरला भाऊ म्हणाला, “त्याचं जसं होतं तसं करा.” नंतर त्या घरातले लोक मंडळीत येवोत न येवोत, दर महिन्याला कोणीतरी त्या बाईकडे जाते आणि मुलांच्या फीचे बघते. पुनरुत्थानावरचा धडा आम्ही आता याच घटनेच्या आधाराने समजावून देतो, आणि तो देणारी बहुधा भाकरी वाढणाऱ्यांतलीच कोणीतरी असते.

१०. शिकवणाऱ्याने शिकत राहावे, आणि जागा सोडावी

अपुल्लोस मोठा वक्ता, शास्त्रात प्रवीण. तरी तंबू शिवणाऱ्या प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला, आणि त्याने ऐकून घेतले. मीही पाळकसाहेबांकडून, पुण्यातल्या सेमिनरीत शिकलेल्या तरुणांकडून शिकते. मृत्यू समोर दिसत असतानाही पौल तीमथ्याला पुस्तके आणि चर्मपत्रे आणायला सांगतो. वाचन थांबलेला शिक्षक वर्गाला शिळे वाढतो.

थेस्सलनीकेच्या सभास्थानात पौलाला तीन शब्बाथ मिळाले. थोड्याच काळात त्याला ते शहर सोडावे लागले, तरी मंडळी उभी राहिली, कारण त्याने माणसे तयार केली होती. जे ऐकले ते विश्वासू माणसांना दे, म्हणजे ते आणखी इतरांना देतील, हा त्याचा तीमथ्याला शेवटचा धडा. तुमच्या वर्गात अशी माणसे आजच बसलेली आहेत. येत्या आठवड्याचा धडा त्यांतल्या एकाकडे द्या, तयारीला त्याच्या घरी जा, आणि तो शिकवत असताना समोर सतरंजीवर बसून मनापासून ऐका.