संशय आणि वितंडा : एक विवेचन

चिकित्साशास्त्रात संशयाला मानाचे स्थान आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वादमार्गाच्या पदांमध्ये संशयाचाही समावेश आहे. कारण संशयाशिवाय परीक्षा नाही आणि परीक्षेशिवाय निश्चय नाही. त्याच अध्यायात वितंडेचेही लक्षण येते. स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे दोष दाखवीत राहणे, ही वितंडा. औषधांविषयीच्या टीकेला उत्तर देताना हा भेद वैद्यवर्गाने ध्यानी ठेवावा, असे आम्हांस वाटते.

अतिसंशयाच्या युक्तिवादात मुख्यतः तीन हेतुदोष आढळतात.

१) अनुपलब्धीलाच अभाव मानणे : ‘पुरावा नाही, म्हणून गुण नाही’ हा पहिला दोष. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात केवळ प्रत्यक्षच मानणाऱ्यांचे खंडन करताना, विद्यमान वस्तूही न दिसण्याची आठ कारणे सांगितली आहेत : अतिसान्निध्य, अतिदूरत्व, आवरण, इंद्रियदौर्बल्य, मनाची अस्थिरता, समान वस्तूंत मिसळणे, अभिभव आणि अतिसूक्ष्मता. जे तपासलेच नाही आणि जे तपासूनही आढळले नाही, या दोन स्थिती भिन्न आहेत. पहिलीत निर्णय राखून ठेवावा. दुसरीत तो मान्य करावा.

२) कार्यपद्धती अज्ञात, म्हणून कार्यच असत्य मानणे : सर्पगंधेचे उदाहरण बोलके आहे. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाबवृद्धी यांवरील तिचा उपयोग प्रसिद्ध केला. परदेशी त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडली. रिसर्पिन हे कार्यकारी तत्त्व वेगळे झाले ते १९५२ साली. म्हणजे गुण आधी दिसला, कारण नंतर कळले. पुढे मनोविषादासारखे त्याचे दुष्परिणामही अशाच परीक्षणातून उघड झाले. खुल्या परीक्षेने गुण व दोष दोन्ही हाती येतात. मात्र सर्पगंधेच्या यशाने अन्य कल्प आपोआप सिद्ध होत नाहीत, हेही तितकेच खरे.

३) एकावरून सर्वांविषयी निर्णय करणे : २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विक्रीस असलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. यावरून संपूर्ण आयुर्वेदच विषारी ठरविणे चूक आहे. परंतु ‘हे सारे परकीयांचे कारस्थान’ म्हणून अहवाल न वाचताच फेटाळणे, हाही तोच बंदिस्त संशय. केवळ दिशा उलटी. ज्या औषधनिर्मात्याने आपल्या प्रत्येक घाण्याची तपासणी करून घेतली, त्याच्यापाशीच या आक्षेपाचे खरे उत्तर आहे.

संशय आणि वितंडा ओळखण्यासाठी एक प्रश्न पुरेसा आहे : ‘कोणते प्रमाण मिळाल्यास आपण मत बदलाल?’ जिज्ञासू यास निश्चित उत्तर देतो. वितंडवादी प्रत्येक प्रमाणानंतर नवी अट घालतो. हा प्रश्न टीकाकारास विचारण्यापूर्वी प्रत्येक वैद्याने स्वतःच्या आवडत्या कल्पाविषयी स्वतःस विचारावा. त्यासाठी रुग्णपत्रकात गुण आलेल्या रुग्णांबरोबर गुण न आलेल्यांचीही नोंद हवी. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती या चतुर्विध परीक्षेचा आग्रह धरणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांना परीक्षेचे भय असण्याचे कारण नाही.