रब्बी ज्वारी : उंची कडब्याची, उतारा कणसाचा

औसा-निलंगा असो की देगलूर-मुखेड, मूग-उडीद निघाले आणि लवकरचे सोयाबीन काढले की काळ्या रानात रब्बी ज्वारीची तिफण चालू होते. पेरणीचा योग्य काळ 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. या पिकाकडून आपल्याला भाकरी हवी असते आणि जनावरांना कडबाही. त्यामुळे वाण निवडताना नजर आधी उंच ताटावर जाते. पण उंच ताट कडबा वाढवते, धान्य वाढवेलच असे नाही. धान्याच्या उताऱ्याशी सर्वांत घट्ट संबंध कणसाच्या वजनाचा असतो, आणि ते वजन दाण्यांची संख्या व दाण्याचा भरीवपणा यांवर ठरते.

उताऱ्याचा हिशेब

45 बाय 15 सेंमी अंतरावर एकरी सुमारे 60 हजार ताटे बसतात. एका कणसात 625 दाणे आणि हजार दाण्यांचे वजन 32 ग्रॅम धरले, तर कणसामागे 20 ग्रॅम धान्य, म्हणजे एकरी 12 क्विंटल. याच रानात ताटे 40 हजारच राहिली, तर कणसे मोठी होऊन प्रत्येकी 25 ग्रॅम भरली तरी उतारा 10 क्विंटलवरच थांबतो. ताटे पुरती आहेत, पण शेवटी ओल तुटून हजार दाण्यांचे वजन 24 ग्रॅमवर आले, तर हातात 9 क्विंटल पडतात. म्हणून बांधावरच्या चार टपोऱ्या कणसांवरून पिकाचा अंदाज बांधू नका.

कोणता गुण कधी ठरतो

- ताटांची संख्या (पहिला महिना) : एकरी 4 किलो बियाणे पुरते. काणी रोगासाठी किलोमागे 4 ग्रॅम गंधक (300 मेश) चोळा. उगवणीनंतर 10-12 दिवसांनी विरळणी करा. याच काळात खोडमाशीमुळे पोंगे मरतात, त्यामुळे बियाण्याला शिफारशीतील कीटकनाशकाची प्रक्रियाही हवी. रोपाची पाने चकचकीत, पिवळसर हिरवी आणि बारीक लव असलेली असतील, तर त्या वाणावर ही माशी कमी टिकते.
- दाण्यांची संख्या (28-30 दिवसांपासून फुलोऱ्यापर्यंत) : पोंग्यात कणसाचा गर्भ धरतो तो याच वेळी. पीक दिसायला लहान असते, पण दाणे किती लागणार हे इथूनच ठरत जाते. संरक्षित पाण्याच्या दोन पाळ्या शक्य असतील तर पहिली गर्भावस्थेत आणि दुसरी 50-55 दिवसांनी पोटरीत द्या.
- दाण्याचे वजन (फुलोऱ्यानंतर) : वरची पाने जितकी जास्त दिवस हिरवी, तितका दाणा भरतो. ओल तुटली की ताट खोडातला साठा दाण्याला पुरवते, बुडखा पोकळ पडतो आणि खडखड्या रोगाने पीक लोळते. शेवटपर्यंत हिरवे राहणारे वाण इथे तग धरतात.

ओल राखा

कोरडवाहू रानात तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात पासेच्या आणि आठव्यात दातेरी कोळप्याने कोळपणी करा. शेवटच्या कोळपणीने भेगा बुजतात आणि दाणा भरण्यापुरती ओल टिकते. बागायतीत नत्राचा मारा करून उंची वाढवू नका, जड कणसाचे उंच ताट वाऱ्याने लवकर आडवे होते.

जमीन पाहून वाण

हलक्या, फूटभर खोलीच्या रानात लवकर निसवणारे फुले अनुराधा किंवा फुले माऊली घ्या. तिथे उशिरा येणारा वाण कणीस मोठे धरतो, पण ते भरायला ओल उरत नाही. मध्यम जमिनीत फुले सुचित्रा किंवा मालदांडी 35-1 चालते. भारी, खोल काळ्या जमिनीत फुले वसुधा किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे परभणी मोती, परभणी ज्योती हे वाण लावा. खरिपात निवड वेगळी असते. पावसात घट्ट कणसात ओल धरून दाणा काळा पडतो, म्हणून तिथे थोडे मोकळे कणीस बरे.

पुढच्या वर्षाचे बियाणे

वरचे वाण सरळ आहेत, संकरित नाहीत, त्यामुळे घरचे बियाणे चालते. मात्र ते खळ्यावरच्या राशीतून काढू नका. राशीत ताट दिसत नाही. कापणीआधी रानात फिरा. बांधालगतची आणि विरळ जागेतली ताटे सोडा, कारण त्यांचे कणीस मोकळ्या जागेमुळे मोठे झालेले असते. दाट ओळीत उभी, वरची पाने हिरवी, बुडखा टणक आणि कणीस टोकापर्यंत भरलेले अशा ताटांना सुतळी बांधा. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा पक्व झाला. ही कणसे आधी कापून वेगळी वाळवा, वेगळी मळा. शेवटी हजार दाणे मोजून वजन करा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या सुगीत त्याच्याशी ताडून पाहिले, की निवडीने दाणा सुधारतो आहे की नाही हे कळेल.