फवारणीचे विष आणि उजळणारे रंग

विंचूर-निफाड भागात कांद्यावर फुलकिडे आणि द्राक्षावर पिठ्या ढेकूण दिसू लागले की फवारणीची घाई सुरू होते. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही नावे आपल्या परिचयाची आहेत. शेतकरी बंधूंनो, ही ऑरगॅनोफॉस्फेट औषधे युद्धात वापरावयाच्या मज्जाविषांच्याच कुळातील आहेत. जर्मनीतील गेरहार्ड श्राडर हे शास्त्रज्ञ कीटकनाशक शोधत असताना १९३६ मध्ये त्यांच्या हाती टाबुन लागले, १९३८ मध्ये सारिन. हेच सारिन २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सोडण्यात आले होते.

दोन्हींची मारण्याची रीत एकच. मज्जातंतूकडून स्नायूला निरोप पोहोचला की कोलिनेस्टरेज हे विकर तो निरोप पुसून टाकते. विषातील स्फुरद या विकराला चिकटतो, मग निरोप थांबतच नाही. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेली बाहुली, उलटी, छाती भरून येणे, स्नायू फडफडणे ही लक्षणे त्यातूनच येतात.

सारिनसारखे विष ओळखण्यासाठी शास्त्रज्ञांनी चमकणारे रंग तयार केले आहेत. असा रंग एरवी जांभळ्यापार प्रकाशात निस्तेज असतो. विषाचा स्फुरद त्याला जोडला गेला की रेणूची घडण बदलते आणि तो उजळतो. सारिनमधील स्फुरदाला फ्लोरिन सहज सुटेल असा जोडलेला असतो, म्हणून ही क्रिया झटपट होते. आपली शेतीची औषधे इतकी उतावळी नसतात. त्यामुळे हे रंग बांधावर नेऊन द्राक्षाचा घड तपासता येईल, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

शेतमालासाठी विकराची चाचणी अधिक उपयोगी आहे. विकर काम करीत असेल तर रंग येतो, अवशेषाने ते बंद पडले तर रंग येत नाही. मात्र यात एक खोच आहे. क्लोरपायरीफॉसमध्ये स्फुरदाला गंधक जोडलेला असतो. त्याच्या जागी प्राणवायू आल्याशिवाय ते विकराला नीट पकडत नाही. ही प्रक्रिया आधी केली नाही तर दूषित मालही स्वच्छ दिसतो. शिवाय कार्बामेट औषधेही हेच विकर अडवितात, त्यामुळे औषध कोणते ते या चाचणीत कळत नाही. निर्यातीच्या द्राक्षासाठी प्रयोगशाळेतील यंत्रावरील तपासणीच हवी.

हाच गंधकाचा बदल माणसाच्या यकृतात होतो. म्हणून सकाळी फवारणी करून आलेला गडी दुपारपर्यंत ठणठणीत वाटला तरी संध्याकाळी लक्षणे दिसू शकतात. त्याला एकटा झोपू देऊ नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले.

लक्षण दिसताच कपडे काढून अंग साबणाने धुवावे, १०८ ला फोन करावा आणि औषधाची बाटली लेबलासह दवाखान्यात न्यावी. अॅट्रोपीनबरोबर प्रालिडॉक्सिम द्यावे की नाही हे डॉक्टरांना त्यावरून ठरविणे सोपे जाते. नेहमी फवारणी करणाऱ्या गड्याच्या रक्तातील कोलिनेस्टरेज हंगामापूर्वीच तपासून कागद जपून ठेवावा. हे प्रमाण माणसागणिक वेगळे असते; आधीचा आकडा हाती नसेल तर नंतरची घट नेमकी किती, हे सांगणे कठीण जाते.